पगडी, बंद आणि उपरणे : अनामिक तसबिरीतील माणसाचा शोध

कोकणातील जुन्या घरांत ओटीवर किंवा माजघरात ज्या तसबिरी टांगलेल्या आढळतात, त्यांपैकी पुष्कळांखाली नाव नसते, आणि ज्यांना ते नाव तोंडपाठ होते ती पिढी गेली की घरातला मूळपुरुष पाहता पाहता अनोळखी होऊन बसतो. चेहरा ओळखणारे कोणी उरले नाही तरी अंगावरची वस्त्रे मात्र तशीच राहिलेली असतात, आणि वस्त्रांना काळ, प्रदेश, जात, दर्जा व चाकरी यांचे बंधन असल्यामुळे, चित्रातल्या माणसाचे नाव नाही तरी त्याचा ठावठिकाणा ती सांगू शकतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात समुद्राला लागून असलेले वेळणेश्वर हे गाव या शोधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण तेथील श्री वेळणेश्वर हे गोखल्यांसह अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत असून, या घराण्यांच्या शाखा अठराव्या शतकापासून घाटावर आणि तेथून पुढे उत्तरेकडे व दक्षिणेकडे इतक्या दूरवर गेल्या की एकाच कुळातील माणसे वेगवेगळ्या दरबारांच्या पोशाखात चित्रित झाली. कुलदैवत एक, आडनाव एक आणि पगडी मात्र निरनिराळी, अशी ही स्थिती आहे, आणि वस्त्रांवरून ओळख पटवण्याच्या पद्धतीचे बळ व तिची मर्यादा ही दोन्ही या स्थितीत स्पष्ट दिसतात.

या पद्धतीचा पहिला नियम असा की चित्राचा काळ त्यातील सर्वांत जुन्या वस्त्रावरून नव्हे, तर सर्वांत नव्या वस्त्रावरून ठरवावा. वृद्ध माणूस तरुणपणीचा अंगरखा म्हातारपणीही वापरतो, आजोबांचा शेला नातवाच्या लग्नात खांद्यावर येतो, आणि धार्मिक प्रसंगी तर मुद्दाम जुन्या वळणाची वस्त्रे नेसली जातात. त्यामुळे जुन्या वस्तूची उपस्थिती काहीच सिद्ध करत नाही. उलट जी वस्तू एका विशिष्ट काळापूर्वी अस्तित्वातच नव्हती, ती चित्रात दिसली की त्या काळापूर्वीच्या सगळ्या शक्यता एकदम बाद होतात. एखाद्या समूहचित्रातील चार वडीलधारे पागोट्यात असले आणि मागे उभ्या असलेल्या एका तरुणाच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी असली, तर ते छायाचित्र असहकाराच्या चळवळीच्या, म्हणजे १९२० च्या सुमाराच्या अलीकडचे आहे, हे वडीलधाऱ्यांच्या पागोट्यांकडे न पाहताही सांगता येते. वस्त्रांचा पुरावा अशा रीतीने आधी नाकारण्याच्या कामी येतो आणि स्वीकारण्याच्या कामी नंतर, हा क्रम जो विसरतो त्याची ओळख हमखास चुकते.

मराठी पुरुषाच्या चित्रात सर्वांत बोलके वस्त्र म्हणजे शिरोभूषण होय. पागोटे आणि पगडी हे दोन शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी अभ्यासकाने त्यांत भेद करणे आवश्यक आहे : पागोटे हे लांब वस्त्र दर वेळी डोक्याभोवती गुंडाळून बांधले जाते, तर पगडी कारागिराने एकदा बांधून, शिवून, टोपीसारखी उचलून ठेवता येईल अशी तयार केलेली असते आणि ती करणाऱ्याला पगडबंद म्हणतात. पेशवाईतील चक्रीबंद पगडीचे वळसे सपाट आणि चक्राकार दिसतात. एकोणिसाव्या शतकात तिची जागा हळूहळू त्या पगडीने घेतली, जी आज पुणेरी पगडी म्हणून ओळखली जाते, जिच्या प्रसाराशी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव जोडले जाते आणि जिला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची, म्हणजे विशिष्ट स्थळाशी बांधलेल्या उत्पादनाची, कायदेशीर मान्यता मिळाली. एखाद्या घराण्यात ‘हे थोरल्या माधवरावांच्या वेळचे आमचे पूर्वज’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तसबिरीत जर पुणेरी पगडीचा घाटदार कोका, म्हणजे पुढच्या बाजूचा वर आलेला भाग, स्पष्ट दिसत असेल, तर एक तर ती व्यक्ती शंभर वर्षांनी अलीकडची आहे किंवा चित्रकाराने पूर्वजाला आपल्या काळची पगडी घातली आहे. यापलीकडे तिसरी शक्यता सहसा उरत नाही.

काळाइतकीच पगडी स्थळही सांगते, पण कोकणच्या बाबतीत ते स्थळ जन्माचे असेलच असे नाही. बाळाजी विश्वनाथ भट १७१३ मध्ये पेशवा झाल्यानंतर श्रीवर्धनपासून थेट राजापूरपर्यंतच्या किनाऱ्यावरील कुटुंबे कारकुनी, सावकारी, भिक्षुकी आणि शिलेदारी यांसाठी घाट चढून गेली. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे पटवर्धन मिरज, सांगली आणि जमखंडीचे संस्थानिक झाले, वेळासचे भानू पुण्यात फडणीस झाले, आणि पुढे इंग्रजी अमदानीतही हा ओघ थांबला नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल येथे जन्मलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या बडोद्याच्या दीर्घ चाकरीवरून दिसते. शिंदेशाही, होळकरी, गायकवाडी, नागपुरी, कोल्हापुरी असे पगडीचे जे प्रकार मराठीत नावाने प्रसिद्ध आहेत, ते मुळात दरबारांचे प्रकार आहेत, आणि चाकरी ज्या दरबारी त्या दरबाराची पगडी हा त्या काळचा साधा शिष्टाचार होता. म्हणून वेळणेश्वराकडील एखाद्या घरातील तसबिरीत ग्वाल्हेरच्या वळणाची पगडी आढळली, तर ती तसबीर बाहेरून आली किंवा व्यक्ती परक्या घराण्यातील आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्या कुळातील कोण शिंद्यांच्या पदरी होता, हे कुलवृत्तांतात पाहावे. कुलवृत्तांत, म्हणजे एका कुळाच्या सर्व शाखांची वंशावळ व चरित्रनोंदी एकत्र देणारा ग्रंथ, ही महाराष्ट्रातील घराण्यांनी स्वतःसाठी करून ठेवलेली मोठी सोय आहे, आणि पगडीने सुचवलेला दरबार व कुलवृत्तांतात नोंदलेली चाकरी यांची गाठ पडली की शेकडो नावांतून दोनतीनच नावे शिल्लक राहतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोकणातल्या दमट हवेत, शेतात आणि बागेत वावरणारा माणूस रोज पगडी घालून बसत नसे. पंचा, क्वचित बंडी किंवा बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा, एवढ्यावर त्याचा दिवस निघे. तसबिरीतला पोशाख हा म्हणून दिनक्रमाचा पुरावा नसून, त्या माणसाला आपण लोकांना कसे दिसावे असे वाटत होते त्याचा पुरावा असतो. वाड्यातील चित्रे आणि घरातील चित्रे यांची तुलना करताना हा फरक सोडून दिला, तर गरिबाला श्रीमंत आणि कारकुनाला सरदार समजण्याची चूक होते, आणि घराण्यांच्या आत्मगौरवाला तर अशी चूक नेहमीच प्रिय असते.

अंगावरच्या वस्त्रांत जामा आणि अंगरखा यांचा विचार प्रथम करावा लागतो. जामा हा छातीवर एकावर एक पदर आणून काखेजवळ बंदांनी बांधायचा, कमरेखाली घेर असलेला दरबारी पोशाख. सतराव्या शतकातील चित्रांत त्याचा घेर साधारणपणे पोटऱ्यांच्या वर थांबतो, तर अठराव्या शतकात तो घोट्यांपर्यंत उतरतो आणि कमरेची शिवण छातीकडे सरकते, त्यामुळे नुसत्या उंचीवरूनही काळाचा स्थूल अंदाज येतो. जाम्याचे बंद कोणत्या बाजूला आहेत याला त्याहून जास्त महत्त्व दिले जाते. मुघल चित्रांच्या अभ्यासात मुसलमान उजव्या काखेशी आणि हिंदू डाव्या काखेशी बंद बांधत, हा संकेत सर्वमान्य आहे, आणि त्याला समकालीन आधारही आहे. तकौचिया नावाचा हिंदुस्थानी वळणाचा अंगरखा पूर्वी डावीकडे बांधत असत, तो बादशहाने घेर गोल करून उजवीकडे बांधावयास लावला, अशी नोंद अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत आहे. गोविंद सदाशिव घुर्ये या मूळच्या मालवणच्या समाजशास्त्रज्ञाने भारतीय वेशभूषेवर १९५१ मध्ये जो स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्यामुळे वस्त्रांच्या अशा बारीकसारीक खुणांकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे रुजण्यास मदत झाली.

परंतु बंदांची बाजू पाहण्यापूर्वी चित्र उलटे छापलेले नाही ना, हे पाहणे भाग आहे. ताम्रपटावर कोरलेली आकृती कागदावर उमटताना डाव्याची उजवी होते, आणि मूळ चित्र समोर ठेवून ते तसेच्या तसे कोरणाऱ्या खोदकामगाराच्या छापात तलवार उजव्या कमरेला आणि बंद भलत्याच काखेत जातात. युरोपीय ग्रंथांत छापलेल्या हिंदुस्थानी व्यक्तींच्या चित्रांबाबत हा धोका नेहमी असतो. पत्र्यावर थेट उमटणाऱ्या जुन्या छायाचित्रांचेही तसेच आहे. अमेरिकेतील कुप्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड हा डावखुरा होता अशी समजूत त्याच्या एकमेव प्रसिद्ध पत्राचित्रावरून कित्येक दशके टिकून राहिली, आणि अखेर त्याच्या हातातील विंचेस्टर बंदुकीत काडतुसे भरण्याची झडप चुकीच्या बाजूला दिसते हे लक्षात आल्यावर चित्रच उलटे असल्याचे सिद्ध झाले. मराठी तसबिरीत ही तपासणी कोटाच्या गुंड्यांवरून, जानव्यावरून किंवा मागे कोठे अक्षरे आली असल्यास त्यांवरून करता येते. जानवे नेहमीप्रमाणे डाव्या खांद्यावरून उजवीकडे जाण्याऐवजी उलट गेलेले दिसले आणि प्रसंग श्राद्धाचा नसला, तर चित्र उलटे असण्याचा संशय धरावा.

महाराष्ट्रातील सर्वांत मोठी चुकलेली ओळख छत्रपती शिवाजी महाराजांच्या चित्राची होती, हे आज अनेकांना खरे वाटणार नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून महाराष्ट्रात प्रचलित होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक उघडकीस आणली आणि डच ग्रंथकार फ्रांस्वा व्हॅलेंटाइन याच्याशी निगडित असलेले चित्र १९३३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध करून महाराजांची अस्सल प्रतिमा लोकांपुढे ठेवली. ही चूक इतकी वर्षे का टिकली याचे उत्तर वस्त्रांत आहे. सतराव्या शतकातील दख्खनमध्ये जामा, पटका, म्हणजे कमरेला बांधायचा नक्षीदार शेला, आणि तुरा लावलेली पगडी हा पोशाख मराठा सरदार, विजापूरचा अमीर आणि मुघल मनसबदार यांना जवळजवळ समान होता. दरबारी वस्त्रे बहुमान म्हणून एका दरबाराकडून दुसऱ्याकडे जात, आणि ज्याने ती दिली त्याच्या पद्धतीची ती असत. त्यामुळे दाढी, पगडी आणि जामा एवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्याला इब्राहिमखान आणि शिवाजी महाराज यांत भेद करणे अवघड होते.

महाराजांची जी चित्रे आज विश्वसनीय मानली जातात, ती मुख्यतः गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या संग्रहांतील असून, त्यांपैकी काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. निकोलाओ मनुचीने आपल्यासाठी मीर मुहंमद या चित्रकाराकडून करवून घेतलेल्या संग्रहातही महाराजांचे अश्वारूढ चित्र आहे आणि तो संग्रह पॅरिसला आहे. या चित्रांचे बळ त्यांतील जाम्यात नाही. ती नावानिशी संग्रहित झाली, समकालीन किंवा जवळजवळ समकालीन आहेत, आणि वेगवेगळ्या संग्रहांतून आलेली असूनही त्यांतील टोकदार दाढी, नाकाची ठेवण व शिरोभूषण परस्परांशी जुळतात, हे त्यांचे बळ आहे. वस्त्रांनी येथे साक्ष दिली ती ‘हा काळ व हा प्रदेश अशक्य नाही’ एवढीच, आणि नाव दिले ते लिखित नोंदीने. या विषयावरील कोणत्याही चर्चेत हे प्रमाण सुटता कामा नये : पोशाखाने वर्तुळ लहान करावे, आणि व्यक्तीवर बोट कागदाने ठेवावे.

पोशाख केवळ नाकारण्यासाठी वापरला गेला असता तर जी फसवणूक चटकन उघड झाली असती, असेही एक उदाहरण आहे आणि त्याचा नायक मूळचा कोकणातलाच आहे. कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले आणि दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब पेशवे १८५७ च्या उठावानंतर इंग्लंडात सर्वांच्या तोंडी होते, आणि इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या सचित्र साप्ताहिकाने त्यांचे म्हणून एक चित्र छापले. ते प्रत्यक्षात मेरठकडील एका सावकार-ठेकेदाराचे होते आणि बॅरिस्टर जॉन लँग याच्याकडून ते साप्ताहिकाकडे गेले, अशी हकीकत त्या युद्धात लढलेल्या विल्यम फोर्ब्स-मिचेल या सैनिकाने आपल्या आठवणींत दिली आहे. बिठूरचा दरबार गंगेकाठी असला तरी तेथील रीतिरिवाज पुण्याचे होते, आणि त्या दरबारात वाढलेल्या चित्पावन पुरुषाने उत्तरेकडील महाजनाच्या थाटात चित्रकारापुढे का बसावे, हा प्रश्न मराठी वेशाची माहिती असलेल्या कोणालाही पडला असता. परंतु लंडनच्या वाचकाला ती माहिती नव्हती, आणि एका निरपराध व्यापाऱ्याचा चेहरा जगभर दुसऱ्याच्या नावाने पोहोचला. सरकार ज्या माणसाच्या शोधात होते, त्याच्या ओळखीबाबत झालेली ही चूक साधी म्हणता येत नाही.

पोशाखापेक्षा दागिना पुष्कळदा अधिक नेमकी साक्ष देतो, कारण वस्त्र अनेकांकडे सारखे असते, पण मोठा दागिना एकच असतो आणि त्याची नोंद होते. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने १९६५ मध्ये घेतलेले एक पूर्णाकृती चित्र लेडी जेन ग्रे हिचे समजले जात होते. चित्रातील मुकुटाच्या आकाराचा मोठा अलंकार आठव्या हेन्रीची अखेरची राणी कॅथरिन पार हिच्या जवाहिराच्या यादीशी जुळतो हे १९९० च्या दशकात दाखवले गेले, आणि चित्राचे नाव बदलले. महाराष्ट्रात असे काम करण्याची साधने विपुल आहेत. पेशव्यांच्या आणि संस्थानांच्या दफ्तरांत जामदारखान्याचे, म्हणजे कापडचोपड व मौल्यवान वस्तूंच्या कोठाराचे, हिशेब आहेत; शिरपेच, कलगी, मोत्यांचा तुरा, कंठा, कानाच्या वरच्या पाळीतील भिकबाळी कोणाला कधी दिली याच्या नोंदी त्यांत सापडतात. शिरपेच आणि कलगी हे दागिने तर बहुमानाने मिळत असल्यामुळे ते ज्या चित्रात आहेत, त्यातील व्यक्तीला तो मान मिळाल्याची तारीख शोधणे हे पहिले काम ठरते. खुद्द पेशवेपदही वस्त्रे स्वीकारूनच मिळे. सवाई माधवरावांना ती १७७४ मध्ये अवघ्या चाळीस दिवसांच्या वयात मिळाली.

तुलनेसाठी निश्चित ओळखीची आणि निश्चित काळाची चित्रे हाताशी असावी लागतात, आणि त्या दृष्टीने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे पुण्यातील काम अमूल्य आहे. तो १७९१ मध्ये मुंबईस आला, पुढच्या वर्षी पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारात पोहोचला आणि १७९५ मध्ये मरण पावला. या थोड्या वर्षांत त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांना समोर बसवून रंगवले. गंगाराम तांबट हा मराठी कलावंत त्याच्यापाशी काम करीत होता. वेल्सच्या चित्रांतील पगडीचे वळसे, अंगरख्याचा गळा, मोत्यांच्या माळांची लांबी आणि शेल्याची घडी ही अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील पुणेरी पोशाखाची मोजपट्टी आहे, आणि कोणत्याही अनामिक ‘पेशवेकालीन’ तसबिरीची परीक्षा या मोजपट्टीवर झाल्याशिवाय तिला ते विशेषण देऊ नये.

घरोघरच्या तसबिरींपैकी बहुसंख्य मात्र चित्रे नसून छायाचित्रे आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी होते, आणि विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या वेशभूषेची छायाचित्रे १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. ते खंड आज वेशनिश्चितीसाठी उपयोगी पडतात, मात्र त्यांतील माणसे स्टुडिओत टिपून नंतर वेगळ्या पार्श्वभूमीवर चिकटवली आहेत हे लक्षात ठेवावे लागते. जुन्या छायाचित्राचा रंग वाचणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. एकोणिसाव्या शतकातील काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत, त्यामुळे लाल आणि पिवळा रंग काळपट उमटे, तर निळा फिका पडे. काळी दिसणारी पगडी बहुधा लाल असते, काळे दिसणारे कुंकू कुंकूच असते, आणि पांढरे वाटणारे उपरणे आकाशी असू शकते. गुहागर तालुक्यातीलच कोतळूक येथे १८६६ मध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पिढीची छायाचित्रे पाहताना हे भान नसेल, तर संपूर्ण पिढी शोकवस्त्रांत बसली आहे असा भास होतो. छायाचित्रावर हाताने रंग भरण्याची पद्धतही आपल्याकडे फार होती; त्या रंगांवर विश्वास ठेवू नये, कारण ते रंगाऱ्याच्या मनातले असतात. त्यातच स्टुडिओत कोट, उपरणे, काठी आणि पुस्तक अशा वस्तू गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या असत, म्हणून एकाच शिक्क्याच्या दोन छायाचित्रांत दोन वेगळ्या माणसांच्या अंगावर तोच कोट दिसला तर आश्चर्य मानू नये.

स्त्रियांच्या तसबिरी कमी आहेत आणि त्यांत नाव लिहिलेले आणखी कमी. नऊवारी लुगड्याचा काष्टा व त्याचा पदर, चोळीऐवजी आलेले झालरीचे पोलके, नथीतील मोत्यांची मांडणी, आणि पुढे पाचवारी साडी या क्रमाने काळ लावता येतो. डोक्यावरून घेतलेले गडद आलवण, म्हणजे केशवपन झालेल्या विधवेचे लुगडे, दिसले तर चित्र पतीच्या मृत्यूनंतरचे असल्याचे निश्चित होते, आणि कुलवृत्तांतात पतीची मृत्युतिथी असेल तर एवढ्या एका वस्त्राने तारखेची एक कड ठरते. कुलवृत्तांतांनी स्त्रियांची माहेरची नावे व सासरची नावे नोंदवली, पण चेहऱ्याशी ती जोडून ठेवली नाहीत, ही त्या अन्यथा उपकारक ग्रंथांतली मोठी उणीव आहे.

वेळणेश्वराच्या दर्शनाला महाशिवरात्रीस किंवा एरवीही जी कुळे दूरदूरहून येतात, त्यांच्या घरांतील तसबिरी एकत्र मांडल्या तर त्यांतील कित्येक अनामिक चेहऱ्यांना नावे मिळण्यासारखी आहेत, कारण एका शाखेकडे नाव असते आणि दुसरीकडे चित्र. यासाठी घराण्यांनी जुनी चौकट बदलताना मागचा पुठ्ठा, छायाचित्रकाराचा शिक्का आणि कडेचा कागद फेकून देऊ नये. तसबिरीची पुढची व मागची बाजू दोन्ही टिपून ठेवावी. पगडी, बंदांची बाजू, दागिने आणि वहाणा यांचे वर्णन जाणत्या वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून घ्यावे. आणि ज्यांची नावे आज ठाऊक आहेत, त्यांची नावे, गाव, नाते व अंदाजे साल मागच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने या वर्षीच लिहून ठेवावे.